पोट होतं तितकंच सुस्त, उलट्या मात्र कमी: जठराला करंट देणाऱ्या मशीनची एक केस

पेशंट ४१ वर्षांची बाई, टाइप १ डायबेटिस वयाच्या १९ व्या वर्षापासून, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा मांडीवर फाइल नव्हती, कापडी पिशवी होती, कारण कागद फाइलमध्ये मावत नव्हते. एका वर्षात ११ वेळा अ‍ॅडमिट. वजन ५८ किलोवरून ४४. शेवटच्या डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिलं होतं "अ‍ॅसिडिटी, मानसिक ताण". नवरा सोबत होता, तो बोलायचा, ती फक्त मान हलवायची, कारण बोललं की मळमळ वाढायची. (दोन-तीन पेशंटचे तपशील मिसळून लिहितेय, कुणाची ओळख पटू नये म्हणून, पण आजार, आकडे आणि आमच्या चुका ज्या प्रकारच्या असतात त्याच ठेवल्यात.)

तक्रार काय तर चार घास खाल्ले की पोट गच्च, मग तासाभरात मळमळ, आणि संध्याकाळी उलटी, त्यात सकाळचं अन्न जसंच्या तसं. हे "सकाळचं अन्न संध्याकाळी" ऐकलं ना की माझे कान टवकारतात. अ‍ॅसिडिटीत असं होत नाही. जठराच्या तोंडाशी काहीतरी अडलंय किंवा जठर ढकलतच नाहीये, दोनातलं एक. एन्डोस्कोपी केली, १२ तास उपाशी असूनही आत अन्न होतं, आणि पुढचं दार म्हणजे पायलोरस उघडं, दुर्बीण सहज पलीकडे गेली, अल्सर नाही गाठ नाही. म्हणजे अडथळा नाही, ढकलणाराच झोपलाय. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात.

नक्की करायला स्कॅन लागतो. टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचा किंचित अंश मिसळलेलं ठरावीक हलकं खाणं देतात आणि चार तास कॅमेऱ्याखाली बघतात की पोटात किती उरलं. चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त उरलं तर पोट स्लो. तिचं ३८ टक्के उरलं होतं.

पण इथे मी थांबले, कारण पिशवीच्या तळाशी एक प्रिस्क्रिप्शन सापडलं, पायाच्या जळजळीसाठी ट्रामाडॉल, दिवसातून तीनदा, दीड वर्ष. ट्रामाडॉल ओपिऑइड जातीचं, म्हणजे अफूच्या कुळातलं वेदनाशामक, आणि ही औषधं स्वतःच जठर आणि आतडं सुस्त करतात, मळमळही आणतात, म्हणजे निम्मा आजार त्या गोळीचा असू शकतो. आधीच्या कुणी बघितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही पहिल्या भेटीत नव्हतं बघितलं. ती गोळी हळूहळू बंद केली, पायासाठी दुसरं दिलं, सहा आठवड्यांनी स्कॅन परत. ३१ टक्के. म्हणजे गोळीचा वाटा होता, पण मूळ दुखणं डायबेटिसचंच.

आता पोटात बिघडतं काय ते थोडक्यात. जठराला स्वतःचा ठेका असतो, मिनिटाला साधारण तीन लाटा, आणि हा ठेका धरतात त्या काहालच्या पेशी, सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून, ज्याला १९०६ चं नोबेल मिळालं. जुन्या डायबेटिसमध्ये या पेशी कमी होतात, आणि वेगस नस जी मेंदूपासून पोटापर्यंत येते तिलाही इजा होते. मग ठेका चुकतो, वरचा भाग जेवताना सैल पडायला हवा तो पडत नाही म्हणून चार घासांत गच्च वाटतं, आणि खालचा भाग दळून पुढे ढकलत नाही. यात सगळ्यात दुष्ट गोष्ट म्हणजे शुगरचं चक्र. ती जेवणाआधी इन्सुलिन घ्यायची, अन्न पोटातच बसून राहायचं, इन्सुलिन मात्र आपलं काम करून मोकळं, शुगर धाडकन खाली, मग रात्री कधीतरी अन्न पुढे सरकलं की शुगर ३०० च्या वर, आणि वाढलेली शुगर पोटाला आणखी सुस्त करते. घरच्यांना वाटायचं ही पथ्य पाळत नाही.

औषधांची गोष्ट पटकन सांगते. मेटोक्लोप्रामाइडने तिला बेचैनी झाली, एका जागी बसवेना, आणि दोन महिन्यांत ओठांची बारीक हालचाल दिसायला लागली तेव्हा आम्ही त्याच दिवशी बंद केलं (अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये याच कारणासाठी या औषधावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण ही हालचाल कधीकधी औषध थांबवूनही जात नाही). डॉम्पेरिडोनने थोडं बरं वाटलं पण ईसीजीमध्ये क्यूटी लांबला, म्हणजे हृदयाचा ठेका बिघडायचा धोका. एरिथ्रोमायसिनने दोन आठवडे चमत्कार, मग शून्य, ते तसंच वागतं, शरीर त्याला सरावतं. ऑन्डान्सेट्रॉनने मळमळ जरा दबली पण पोट साफ होईना. पातळ, कमी तेलाचं, कमी चोथ्याचं, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, हे सगळं ती करतच होती. मध्ये तीन महिने लहान आतड्यात नळी घालून फीडिंग दिलं, त्याने वजन घसरायचं थांबलं, उलट्या थांबल्या नाहीत.

तेव्हा मशीनचा विषय निघाला. नवऱ्याने आधीच कुठेतरी वाचलं होतं. म्हणाला, "मॅडम, म्हणजे हार्टला पेसमेकर बसवतात तसा पोटाला, बरोबर ना?"

मी "हो, साधारण तसंच" म्हणाले. या वाक्याचा मला पुढे सहा महिन्यांनी चांगलाच पश्चात्ताप झाला.

कारण हे पेसमेकर नाहीच. आकडेच बघा. पोटाची लाट पकडून तिला ओढायचं असेल तर करंटचा एकेक ठोका शेकडो मिलिसेकंद लांब लागतो, त्याला ऊर्जा इतकी लागते की त्वचेखाली मावणारी बॅटरी टिकणार नाही. या मशीनचा ठोका ३३० मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे जवळपास हजारपट छोटा, आणि वेग १४ हर्ट्झ, ताकद ५ मिलिअँपियरच्या आसपास. सेकंदाचा दहावा भाग चालू, पाच सेकंद बंद, परत दहावा भाग चालू. म्हणजे मिनिटाला साधारण बारा वेळा दोन-दोन टिचक्या. एवढ्या छोट्या टिचकीने जठराचा स्नायू आकुंचन पावत नाही, त्याला ती कळतही नाही म्हणा ना. कळते ती नसांना. वेगस नसेतून वर मेंदूकडे जो निरोप जातो, त्यातल्या मळमळीच्या निरोपात ही टिचकी ढवळाढवळ करते असं आज मानतात. मशीन बसवलेल्या पेशंटच्या मेंदूचे पीईटी स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारे) झालेत, त्यात थॅलॅमस या शरीराकडून आलेले निरोप पुढे पाठवणाऱ्या भागातली हालचाल बदललेली दिसली. शिवाय जठराचा वरचा भाग जरा सैल पडतो, त्यामुळे थोडं जास्त मावतं. पोट रिकामं करायचा वेग मात्र फार बदलत नाही. कसं होतं याचं संपूर्ण चित्र अजून स्पष्ट नाही, आणि पेशंटला ते तसंच सांगावं.

मशीनचं नाव एन्टेरा. एफडीएने २००० साली त्याला ह्युमॅनिटेरियन डिव्हाइस एक्झेम्प्शन दिलं, डायबेटिसमुळे किंवा कारण न सापडलेल्या गॅस्ट्रोपॅरेसिसमधल्या, औषधाला न बधणाऱ्या मळमळ-उलटीसाठी. ही सवलत थोड्याच लोकांना होणाऱ्या आजारांसाठी असते, त्यात सुरक्षितता दाखवावी लागते आणि फायदा होण्याची शक्यता, पण पक्का पुरावा लागत नाही. हा बारीक फरक कन्सेंट घेताना सांगायलाच हवा, मी सांगितला, पण "पेसमेकर"वाली चूक करून बसले होते त्यामुळे त्यांच्या डोक्यात पेसमेकरच राहिला.

ऑपरेशनआधी दोन महिने फक्त शुगरवर घालवले. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी, १०.८ होतं, ते ८.४ वर आणलं. नवरा वैतागला होता की एवढं थांबायचं कशाला, पण पोटाच्या कातडीखाली जिथे मशीन ठेवतात त्या खिशाला इन्फेक्शन झालं तर नुसत्या अँटिबायोटिकने सहसा भागत नाही, सगळं काढावं लागतं, तारांसकट. त्या काळात तिला एक काम दिलं, वही. रोज किती उलट्या, किती वेळ मळमळ, काय खाल्लं. चार आठवड्यांची सरासरी आली आठवड्याला २६ उलट्या. ही वही नसती तर पुढची सगळी गोष्ट मी सांगूच शकले नसते.

ऑपरेशन दुर्बिणीतून, दीडेक तास. जठराच्या मोठ्या वळणावर, पायलोरसपासून साधारण १० सेंटिमीटर मागे, स्नायूच्या थरात दोन तारा, एकमेकींपासून एक सेंटिमीटरवर. सर्जन तार ओवतो तेव्हा मी तोंडातून एन्डोस्कोप घालून आतून बघत असते, कारण तार आतल्या अस्तरातून डोकावली तर जंतूंना थेट रस्ता मिळतो. पहिल्या तारेच्या वेळी अस्तराखाली निळसर रेघ उठून दिसली मला, म्हणजे फारच वरवर आली होती, मी "काढा" म्हणाले, सर्जन काही न बोलता काढून परत ओवायला लागला. मग मशीनला जोडून इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बघितला, ५२० ओम. २०० ते ८०० च्या आत असला की समजायचं तारा नीट मांसात बसल्यात. मशीन काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, पोटाच्या उजव्या बाजूला कातडीखाली, दोन टाके मारून घट्ट बसवलेलं, नाहीतर ते आत फिरतं आणि तारा पीळ खातात.

पहिला महिना निराशेचा. २६ च्या १९ झाल्या. घरी बसून ती मशीनवर हात ठेवायची, काही धडधड लागते का बघायची, काहीच लागत नाही म्हणून तिला वाटायचं बंदच आहे. क्लिनिकमध्ये कातडीवर प्रोग्रामरचा, म्हणजे बाहेरून मशीनची सेटिंग वाचणाऱ्या-बदलणाऱ्या यंत्राचा, हेड ठेवला की स्क्रीनवर सगळं दिसतं, तिला दाखवलं, हे बघा चालू आहे. सेटिंग एक पायरी वाढवली, चालू राहण्याचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागावरून एक सेकंद, बंदचा चार सेकंद. बॅटरी यात जास्त खर्च होते पण त्या दिवशी बॅटरीचा विचार कोण करतो. तिसऱ्या महिन्याला आठवड्याला ९ उलट्या. सहाव्या महिन्याला ४ ते ५. वजन ४९. अ‍ॅडमिशन त्या सहा महिन्यांत एकच, तेही लघवीच्या इन्फेक्शनसाठी. इन्सुलिन जेवणाआधीऐवजी जेवल्यावर घ्यायला सुरुवात केली, घेतलेलं अन्न आत टिकतंय याची आता खात्री असल्यामुळे ते जमलं.

मग मी स्कॅन परत केला. करायला नको होता असं नाही, पण आधी समजावून मग करायला हवा होता. चार तासांनी ३३ टक्के.

म्हणजे आधी ३१, आता ३३. जागच्या जागी.

तिने रिपोर्ट माझ्या आधीच वाचला होता. खोलीत आली ती रडवेली होऊन. "मॅडम, पोट तर तसंच आहे. मग हे मशीन करतंय काय? माझ्या मनाचे खेळ आहेत का?" नवरा काहीच बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं की आपल्याला फसवलं. आणि चूक माझी होती, मी पेसमेकर म्हणाले होते, पेसमेकरने पोट जोरात चालायला हवं ना. तो अर्धा तास मी कागदावर टिचकी, नस, मेंदू काढून समजावण्यात घालवला, जो सहा महिने आधी घालवायचा होता. तिला म्हणाले, तुमचं पोट गोदाम आहे असं धरा, माल अजून हळूच हलतोय, पण गोदामातून वर दर तासाला जो बोंबाबोंबीचा फोन जायचा तो आता कमी झालाय. हे तिला पटलं असं मला वाटलं. ती म्हणाली "हं" आणि गेली.

मनाचे खेळ हा प्रश्न मात्र हलका नाही, जगभर तो विचारला गेलाय. पहिला मोठा दुहेरी-अंध प्रयोग २००३ मध्ये छापून आला, ३३ पेशंट, मशीन सगळ्यांना बसवलं, एक महिना चालू एक महिना बंद, कुणाला काय ते पेशंटलाही माहीत नाही. चालू असताना उलट्या कमी झाल्या, आणि कुठला महिना चालूचा ते उघड करण्याआधी विचारलं तर २१ जणांना चालूचा महिना आवडला, ७ जणांना बंदचा. २०१० च्या डायबेटिसवाल्या प्रयोगात ५५ पेशंट होते, त्यात आधी सगळ्यांचं दीड महिना चालू ठेवलं, उलट्या ५७ टक्के घटल्या, पण पुढे तीन-तीन महिने चालू-बंद केलं तेव्हा दोन्हींत फरकच निघाला नाही. बंद असतानाही लोक बरेच राहिले. आता याचा अर्थ प्लासिबो (उपचार चालू आहे या नुसत्या विश्वासाने येणारा गुण) लावा, किंवा सुरुवातीच्या दीड महिन्याचा परिणाम रेंगाळला असं म्हणा, दोन्ही बाजूंनी भांडणारे आहेत. २०२० मध्ये फ्रान्सचा सगळ्यात मोठा आला, १७२ पेशंट, चार-चार महिने. त्यात चालू असताना उलट्या-मळमळीचा स्कोअर खरंच कमी, ज्यांचं पोट स्लो नव्हतं त्यांच्यातही, पण पोट रिकामं होण्याचा वेग तोच आणि जगण्याच्या दर्जाच्या स्कोअरमध्ये फरक नाही. माझं मत विचाराल तर परिणाम खरा आहे, मध्यम आहे, आणि तो उलटीवर आहे, पोटाच्या वेगावर नाही. आमच्या बाईच्या स्कॅनने तेच दाखवलं होतं, फक्त बघायची तयारी आमच्यात नव्हती.

आता ज्यासाठी ही केस लिहायला घेतली ते.

चौदाव्या महिन्यात फोन आला की उलट्या परत सुरू, दहा दिवस झाले. बोलावलं, शुगर बघितली, ठीक. पाच दिवसांची औषधं देऊन पाठवलं. वाढल्या. आठवड्याला १८ वर गेल्या, अ‍ॅडमिट केलं. मग आमची नेहमीची वरात निघाली, रक्त, लघवी, सोनोग्राफी, किडनी, थायरॉइड, सीटी स्कॅन, तारा हलल्या का म्हणून एक्सरे, तारा जागेवर. कुणीतरी "पुन्हा मानसिक ताण" असंही शेऱ्यात लिहिलं, मी ते खोडलं पण मनात मलाही वाटून गेलं होतं, घरात सासऱ्यांचं आजारपण चालू होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी, सेटिंग एक पायरी वाढवून बघू म्हणून, प्रोग्रामर काढला आणि तिच्या पोटावर ठेवला.

स्क्रीनवर "ऑफ".

इम्पीडन्स ५६० ओम, बॅटरी चांगली, तारा शाबूत, मशीन नुसतं बंद. चार दिवस आम्ही तिची सगळी तपासणी केली, तिच्या पोटातल्या मशीनला सोडून. रेसिडेंटने विचारलं, "मॅम, पहिल्याच दिवशी का नाही बघितलं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी गृहीत धरलं होतं की चालूच असणार.

बंद कसं झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण मशीनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दुकानातल्या चोरी-रोधक गेट आणि विमानतळावरच्या सुरक्षा यंत्रांनी स्टिम्युलेटर चालू-बंद होऊ शकतो, आणि विचारल्यावर तिला आठवलं की उलट्या सुरू होण्याच्या थोडं आधी एका मोठ्या दुकानाच्या दाराशी, त्या दोन खांबांना टेकून, ती बराच वेळ कुणाचीतरी वाट बघत उभी होती. असेल, नसेल.

मशीन चालू केलं. तिला सांगितलं नाही असं नाही, सांगितलं, त्यामुळे चालू केल्यावरची सुधारणा ही अंध चाचणी नाही. पण बंद झालं तेव्हा ते ना तिला माहीत होतं ना मला. तिच्या मनाने मशीन चालूच होतं, उलट्या तरीही परतल्या. एका पेशंटवरून सिद्ध काही होत नाही, शिवाय सासऱ्यांचं टेन्शन त्याच महिन्यातलं, हे मला मान्य आहे. तरी "माझ्या मनाचे खेळ आहेत का" या तिच्या प्रश्नाला मी कागदावर काढलेल्या चित्रापेक्षा हे उत्तर तिला जास्त पटलं. स्वतःच म्हणाली, "म्हणजे मला माहीत नसताना पण फरक पडला की." दहा दिवसांत उलट्या आठवड्याला ६ वर आल्या, महिन्याने ४.

तिच्यात काय सुधारलं नाही तेही लिहिते, नाहीतर जाहिरात होईल. चार घासांत पोट भरल्यासारखं होणं थोडंच कमी झालं. वरच्या पोटातली दुखणी तशीच, आणि ती या मशीनने सहसा कमी होत नाहीच, ज्यांची मुख्य तक्रार दुखणं आहे किंवा ज्यांचं ओपिऑइड सुटत नाही त्यांना मी हे मशीन सुचवतच नाही. डायबेटिसवाल्यांना, आणि उलटी ज्यांचं मुख्य दुखणं आहे त्यांना, गुण येण्याची शक्यता जास्त. मशीनच्या खिशापाशी वाकताना तिला अजून टोचतं. एमआरआय करायचा असेल तर आधी मशीनचं कार्ड दाखवून विचारावं लागतं, दरवेळी करता येतोच असं नाही, आणि फिजिओथेरपीतली डायथर्मी, म्हणजे लहरींनी आत शेक देणं, तर साफ बंद. पायलोरसचा स्नायू आतून कापायची जी-पोएम नावाची एन्डोस्कोपी आहे, ती पोट रिकामं व्हायला मदत करते, तिचा पर्याय आम्ही राखून ठेवलाय, गच्चपणा फारच वाढला तर.

आमच्याकडे बदल एकच झाला. मशीनवाला पेशंट उलट्या घेऊन आला की रक्त काढायच्या आधी प्रोग्रामर पोटावर ठेवायचा, नर्सिंगच्या कागदावर तसा चौकोनच छापून घेतलाय.

आता तिला चौथं वर्ष चालू आहे. सेटिंग वरचं असल्यामुळे बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरतेय, बहुतेक पुढच्या वर्षी बदलावी लागेल, तेव्हा तारा त्याच राहतील, फक्त डबी बदलायची. सेटिंग खाली आणून बॅटरी वाचवायची का असं मी मागच्या भेटीत विचारलं. वही उघडून तिने गेल्या महिन्याचं पान माझ्यासमोर सरकवलं, १३ उलट्या, महिन्याला, आणि म्हणाली, "मॅडम, हात नका लावू त्याला."

लावला नाही.